आत ओढणारा सांधा

मामाने आयुष्यभर घरोघरचे नळ जोडले आणि त्याने बसवलेला एकही सांधा कधी गळला नाही. हे तो स्वतःच सांगत फिरे, पण खोटं नव्हतं. म्हणून भाचीने गाडीचं काम काढलं, तेव्हा त्याने लगेच बाह्या सरसावल्या.

रविवारी शर्यतीच्या मैदानावर क्लबची शेवटची चाचणी होती. दोन मिनिटं दहा सेकंदांच्या आत फेरी मारली तर संघात जागा, नाहीतर वर्षभर कठड्याबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. भाचीची संधी दर वेळी अर्ध्या सेकंदाने हुके. गाडी जुनी पण दमदार होती. फक्त तिचं इंजिन रेडिएटरमागची तापलेली हवा ओढत होतं. गार हवा दाट असते. एका घासात ती जास्त मावते, म्हणून पेट्रोलही जास्त जळतं आणि जोर वाढतो.

"म्हणजे हिचं नाक चुलीपाशी आहे," मामा म्हणाला. "ते खिडकीपाशी न्यायचं, एवढंच ना?"

त्याने ॲल्युमिनियमची नळी कापून तुकडे सांधले, ती बंपरमागच्या गार कोपऱ्यापर्यंत नेली, टोकाला फिल्टर बसवला आणि इंजिनची धग अडवायला मध्ये पत्रा उभा केला. मग नळी पुन्हा काढून तिचं एक तोंड बुचाने बंद करून तिच्यात काठोकाठ पाणी भरलं आणि ती न्हाणीघरात टांगून ठेवली.

"मामा, हिच्यातून पाणी जाणारच नाहीये!"

"ज्यातून पाणी गळत नाही, त्यातून हवा काय गळणार? मला शिकवू नकोस."

या परीक्षेत अख्खा शनिवार गेला. टिपूसही गळला नाही. नळी पुसून, वाळवून रविवारी सकाळी मैदानावरच गाडीला जोडली. भाचीचा नंबर यायला अर्धा तास होता. तिने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण जिना चढून आलेल्या माणसासारखं धापा टाकू लागलं. आवाज चढे, पडे, पुन्हा चढे.

भाचीने डिकीतून हवेच्या फिल्टरचा जुना डबा काढला आणि पाना हातात घेतला. जुना डबा लावायचा म्हणजे तोच अर्धा सेकंद पुन्हा हुकणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"दहा मिनिटं दे," मामा म्हणाला.

त्याने साबणाचा फेस करून इंजिन चालू असतानाच प्रत्येक सांध्यावर थापला आणि बुडबुडे कुठे फुगतात ते बघत बसला. एकही फुगेना.

"बघ! कुठ्ठे गळत नाही."

"मामा, या शेवटच्या सांध्यावरचा फेस कुठे गेला?"

मामाने पुन्हा फेस लावला. डोळ्यांदेखत तो आत गडप झाला.

मामाने इंजिन बंद करून सांधा उघडला. त्याने सांध्याच्या आत सांडपाण्याच्या पाइपाची रबरी कडी बसवली होती. पाणी आतून बाहेर रेटतं, तेव्हा तिची पातळ कड भिंतीला घट्ट चिकटते. इंजिन मात्र ओढतं. ओढलं की तीच कड सुटते आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून बाहेरची हवा आत शिरते. मग पेट्रोल किती द्यायचं, याचा अंदाज चुकतो.

"तीस वर्षं मी ढकलणाऱ्या पाण्याशी झुंजलो," तो म्हणाला. "ही बया आत ओढते. तो रबराचा तुकडा दे, आणि दोन क्लिपा."

त्याने कडी काढून फेकली, सांध्यावर बाहेरून रबर चढवलं आणि दोन्हीकडून क्लिपा आवळल्या. या वेळी फेस जागच्या जागी राहिला. इंजिनचा आवाज सरळ झाला.

पहिली फेरी दोन मिनिटं, दहा सेकंद आणि वर दोन दशांश. मामाने कठडा घट्ट धरला. दुसरीत नऊ पूर्णांक आठ.

भाची हेल्मेट काढून आली, तेव्हा तो घाम पुसत होता.

"पाणी भरलं होतं, ते कुणाला सांगू नकोस हं."

"संघातल्या सगळ्यांना आधी तेच सांगणार आहे," ती म्हणाली.