शेपटीतली तोफ

"पटणार नाही तुम्हाला, आधीच सांगून ठेवतो!" कामेसुकेनं बसल्या जागी मांडीवर थाप मारली. "पण शेपटीतली तोफ मी डागली, की आमचं बॉम्बर पुढं सरकायचं. वल्हं मारल्यावर होडी सरकते ना, अगदी तसं!"

माकुराझाकी या कोळ्यांच्या गावातल्या एका अंगणात बायका उकडलेल्या कुपा माशांचे काटे काढत होत्या. युद्ध सरलं होतं. पाण्यावर आपटलेल्या विमानाची शेपूट तुटून तरंगत राहिली, म्हणून तिच्यातला तोफवाला कामेसुके वाचला. पुढचा भाग बुडाला, त्यात वैमानिक कियोहारू गेला. त्याची आई, टोमेकाकू, कोपऱ्यात खाली मान घालून सुरी चालवत होती. भेटेल तेव्हा ती एवढंच विचारायची, "शेवटी घाबरला होता का रे माझा पोरगा?" आणि कामेसुके दरवेळी विषय बदलायचा. आज मात्र काकूला उत्तर द्यायचंच, असं ठरवून तो आला होता.

"दोन्ही इंजिनं बंद! मागं शत्रूची विमानं, मोहोळ उठल्यासारखी. मी तोफ डागत सुटलो. धक्क्याधक्क्यानं विमान घराकडं!"

"आणि गोळे संपल्यावर? फुंकर मारलीस?" शेजारची हात्सू म्हणाली.

"शिदोरीत तुझ्याच हातचा सुकवलेला कुपा होता, हात्सू. दात पडतील असा कडक. तोच भरला नळीत! शत्रूची काच फुटली आणि आभाळभर कुप्याच्या साराचा घमघमाट!"

"मेल्या, माझ्या कुप्याला नावं ठेवतोस?"

अंगण खदखदून हसलं. टोमेकाकू हसली नाही. कामेसुकेचा आवाज खाली आला.

"शेपटीत काय दिसायचं सांगू, काकू? भोवती नुसती काच. सगळं जग आपल्यापासून लांब लांब जात असायचं. खाली ढगांवर आमच्याच विमानाची चिमुकली सावली, आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य. शत्रूच्या गोळ्या यायच्या त्यासुद्धा काजव्यांसारख्या, हळूहळू तरंगत, आणि मग एकदम कानाशी सर्रर्र! तोफेवरचा हात तसाच राहायचा माझा. भ्यायचं असतं, हेच विसरायला व्हायचं."

सुऱ्या थांबल्या होत्या. धुराड्यातला धूरसुद्धा जागच्या जागी उभा वाटत होता.

"आणि मग समोर आपला कैमोन डोंगर उगवला. कियोहारूनं तो पाहिला आणि हसला, काकू. त्याचा तो पुढं आलेला सुळा दात दिसेपर्यंत हसला. पाणी जवळ आलं तरी हसतच होता. नाही घाबरला."

टोमेकाकूनं सुरी खाली ठेवली. कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि त्याच्याकडं पाहिलं.

"कामे," ती म्हणाली, "तू तर शेपटीत होतास ना रे, त्याच्याकडं पाठ करून? मग त्याचं तोंड तुला दिसलं कसं?"