कुंभाराच्या चाकावरची पाणमांजरी

मित्रांनो, जरा लांब बसा. तुमच्या डोक्याला चोपडलेल्या तेलाचा वास मला सोसत नाही. मी भीमेच्या डोहातली एक जुनी पाणमांजरी आहे. दात झिजलेत, पण नाक शाबूत आहे, आणि माणसांचा वास आला की अजून मळमळतं.

माझा जन्म दौंडच्या रेल्वे पुलाच्या वरच्या अंगाला, काठावरच्या बिळात झाला. पुलावरून कोळशाची इंजिनं धूर ओकत जायची. शी! तुम्हांला वाटत असेल, आम्ही पोहतच जन्माला येतो. कसलं काय! मला पाण्याची शिसारी होती. आई मानगुटीला धरून डोहात ओढायची. पहिल्या बुडीला छाती अशी धडधडली, की घेतलेला श्वास लगेच संपला. नाकातोंडात पाणी गेलं आणि मी बोंबलत वर आले.

आई रोज ओढायची. हळूहळू अंग शहाणं झालं. डोकं पाण्याखाली गेलं की नाकपुड्या आपोआप मिटू लागल्या. छातीतली धडधड मंद व्हायची, म्हणून श्वास पुरवून पुरवून वापरता यायचा. वर आलं की काळीज पुन्हा पळू लागायचं. हे सरावाने अंगात मुरतं, मित्रांनो. माझा भाऊ, आमच्यातलं शेंडेफळ, अशक्त होता. त्याच्या अंगात ते अजून मुरलं नव्हतं. बुडी मारली की त्याचं काळीज उधळायचं.

एके सकाळी आम्ही दोघं पाशाच्या जाळ्यात अडकलो. हा पाशा काठावर राहून मासे धरायचा, आणि जाळी फाडतो म्हणून आम्हांला शिव्या घालायचा. भाऊ पाण्याखाली वेड्यासारखा हातपाय झाडत होता. मी गप्प पडून श्वास राखला होता. पाशाने आम्हांला ओढून काठावर टाकलं. त्याच्या हातांना तंबाखूचा आणि सडक्या मासळीचा असा दर्प होता, की भीतीने आणि किळसेने मी नाक उघडलंच नाही, आणि काळीज बुडीतल्यासारखं मंदच राहिलं.

"अम्मा, हे एक मेलं बघ," पाशा ओरडला.

त्याची म्हातारी आई जन्नतबी धावत आली. तिने माझ्या छातीवर हात ठेवला. "न्हाई रं, लई हळू चालतंय. लेकरू बुडालंय. कोंडिबाकडं घिऊन चल, चाकावर पाणी निघंल. जाळं फाडत्यात म्हणून काय जीव घ्यायचा व्हय?"

"आन् ह्ये दुसरं?"

"ते बघ कसं वळवळतंय! त्याला काय धाड भरलीय?"

त्या काळी बुडालेल्या माणसाला कुंभाराच्या चाकावर पालथं घालून फिरवत. पोटातलं पाणी निघतं म्हणे! कोंडिबा कुंभाराच्या अंगणात भावाला कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकलं. डालग्याला ती घाण, तो वास! मला चिखलाने बरबटलेल्या चाकावर पालथं टाकलं आणि कोंडिबाने चाक गरगर फिरवलं. माझ्या पोटात पाणी नव्हतंच, सकाळचा मासा होता. तो सगळा कोंडिबाच्या धोतरावर गेला.

"निघालं, निघालं!" कोंडिबा खूश झाला. "थांब म्हातारे, अजून फिरवतो."

डालग्याखाली भाऊ खरखरत होता. पाणी त्याच्या छातीत होतं. चाक त्या बाजूला फिरलं की मला खरखर ऐकू यायची. मग ती थांबली.

"ते झोपलं वाटतं," पाशा म्हणाला.

चाक थांबल्यावर जन्नतबीने डालगं उचललं आणि भावाला हलवून पाहिलं. "या अल्ला! मगाशी तर चांगलं व्हतं की गं बाई!"

तिनेच मला पुन्हा डोहात सोडलं. ती रडत होती. मला तिच्या हातांचाही वास सहन होत नव्हता.

कोंडिबाने पाणमांजर वाचवलं, ही गोष्ट कुंभारवाड्यात अजून कौतुकाने सांगतात. ऐकलं की ओकारी येते. मित्रांनो, पाण्यातून कुणाला ओढलंत तर चाक शोधत धावू नका. आधी छातीला कान लावा. गप्प पडलेल्याच्या लावा आणि हातपाय झाडणाऱ्याच्याही लावा. माझा भाऊ चाकापासून हाताच्या अंतरावर होता. नुसतं डालगं उचलायचं होतं.