दुसरी सही

आमच्या चर्चच्या मंडळीत दानाचे पैसे एकट्याने मोजायचे नाहीत. दोन माणसं हवीत, दोन वेगळ्या घरांतली, खोलीचं दार उघडं आणि चिठ्ठीवर दोघांच्या सह्या. पाळक वर्षातून एकदा तरी यावर बोलतात. बायबलमधल्या पौलानेसुद्धा गोरगरिबांची मदत एकट्याने नेली नाही, सोबत माणसं घेतली. देवाला आपलं मन दिसतं, पण माणसांना दिसेल असंही वागावं लागतं. अकरा वर्षं मी, मंडळीची खजिनदार, यावर मान डोलवत आले. चिठ्ठीवर पहिली सही माझी, दुसरी टेलरमामांची.

टेलरमामांना दीड वर्षापासून दिसत नाही, हे मंडळीत फक्त मला माहीत होतं. ते नोटा बोटांनी चाचपायचे, छातीठोकपणे आकडा सांगायचे आणि विचारायचे, "बरोबर ना, पोरी?" मी "बरोबर" म्हणायची आणि आकडा गुपचूप दुरुस्त करायची. दुकान बंद झालेलं, सून घरात कशाला हात लावू देत नाही. रविवारची अर्ध्या तासाची मोजणी एवढंच काम त्यांच्याकडे उरलं होतं. म्हटलं, म्हाताऱ्याचा जीव रमतोय तर रमू दे. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

मग माझ्या नवऱ्याची इंजेक्शनं सुरू झाली. दर सोमवारी एक, चार हजारांचं. माझं पुस्तकं बांधायचं काम, त्यात घरभाडं निघालं तरी पुष्कळ. बांगड्या गेल्या, दीर फोन उचलेनासे झाले. एका सोमवारी इंजेक्शन चुकलं. त्या आठवड्यात नवरा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "तू हो पुढे, मी येतो." तो तासाभराने वर आला. मी दार उघडं ठेवून त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत बसले होते.

चर्चच्या छपरासाठी घरटी चार हजार ठरले होते. बंद पाकिटात, वर नाव. बरोब्बर चार हजार! पुढच्या रविवारी एक पाकीट मी मामांच्या नाकासमोर माझ्या पिशवीत टाकलं. "बरोबर ना, पोरी?" "बरोबर, मामा." त्यांनी सही केली. असं तीनदा झालं. परत करीन, असं मी दर वेळी मनाशी म्हटलं. सगळे चोर हेच म्हणत असतील.

पाकिटंही मी अक्कल लढवून निवडली होती. देणाऱ्यांची नावं मागच्या फळ्यावर लागतात, म्हणून फळ्याकडे कधी न फिरकणाऱ्यांचीच घेतली. बेकरीवाल्याच्या आईला तर फळाच दिसत नव्हता. आणि या बाईने नेमकं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं! नव्या डोळ्यांच्या आनंदात तिने अख्खा फळा मोठमोठ्याने वाचला आणि स्वतःचं नाव सापडेना तेव्हा पाळकांना हाक मारली.

आठवडाभरात तिन्ही पाकिटांचा पत्ता लागला, म्हणजे ती नाहीत हे कळलं. शनिवारी दुपारी पाळकांनी आणि मंडळीच्या पंचांनी आम्हा दोघांना मोजणीच्या खोलीत बोलावलं. कबूल करायचं ठरवूनच मी घरून निघाले होते. पण तोंड उघडायच्या आत मामा उठून उभे राहिले.

"चूक माझी आहे. मला दिसत नाही, दीड वर्ष झालं. पाकिटं माझ्या हातून कचऱ्यात गेली असणार. ही बिचारी माझ्या भरवशावर राहिली." त्यांनी रुमालाची गाठ टेबलावर ठेवली. "बारा हजार आहेत. शिलाईचं मशीन विकलं."

आणि मला काय वाटलं? सुटले, असं वाटलं. परवा सोमवार आहे आणि मी अजून खजिनदार आहे, असंसुद्धा वाटलं. मला माझीच किळस आली, तरी तोंड उघडेना.

पाळकांनी डोळे पुसले आणि पैशांची गाठ माझ्याकडे सरकवली. "मोजा ताई. आणि मोजायला दुसरं कोण?"

मामांचा हात सवयीने टेबलावर आला. मग त्यांना आठवलं. त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने झाकला.

"पैसे मी घेतले," मी म्हणाले. "तिन्ही पाकिटं. नवऱ्याच्या औषधासाठी."

मामा माझ्या आवाजाकडे वळले. "कधी?"

"मोजताना. तुमच्यासमोर."

"मग मला बोलू का दिलंस?" त्यांचा आवाज चढला. "दोन मिनिटं आधी सांगितलं असतंस, तर माझ्या डोळ्यांचं कुणाला कळलं नसतं!"

पाळकांनी रुमाल उचलून त्यांच्या हातात दिला. "हे तुमचे, मामा. घरी न्या."

मामांनी गाठ सोडली. एकेक नोट बोटांनी चाचपत, ओठ हलवत त्यांनी सगळे पैसे मोजले. त्याला बराच वेळ लागला. संपल्यावर त्यांनी मान वर केली आणि मी बसले होते ती बाजू सोडून पलीकडे तोंड करून विचारलं, "बरोबर आहेत का? जरा बघता का कुणी?"