तिसऱ्या गाण्यातला आवाज

मावसभाऊ प्रेमच्या बँडवर पुण्याच्या एका वेब-मासिकानं लिहिलं, तेव्हा उमरखेडच्या कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या बबितानं ते परीक्षण दोनदा वाचलं. पहिल्यांदा कौतुकानं. दुसऱ्यांदा तिसऱ्या गाण्याच्या ओळींशी थांबून.

प्रेम आणि त्याच्या दोन मित्रांनी तांड्यावरच्या खोलीत, जुन्या टेपरेकॉर्डरवर हा अल्बम केला होता. खरखर मुद्दाम ठेवलेली. परीक्षकाला तीच आवडली होती. त्यानं साडेचार तारे दिले होते, तेही मुख्यतः तिसऱ्या गाण्यासाठी. ‘गिटारच्या मागे एक वृद्ध स्त्री अखेरचे श्वास घेताना ऐकू येते. इतका उघडा मृत्यू मी संगीतात ऐकला नव्हता.’

बबितानं गाणं लावलं. खरखर, मग गिटार, आणि मग याडी. तिची आई, सुखीबाई. बंजाऱ्यांच्या गोरबोलीतली एक ओळ, शेवटी दाटून आलेला हुंदका, अडकलेला श्वास, पुन्हा ओळ. तिला जाऊन सात महिने झाले होते.

यवतमाळच्या दवाखान्यात शेवटच्या चार रात्री प्रेमच होता. बबिता घरी तापानं पडलेली. त्याच्याजवळ काळी पिशवी होती. पाचव्या दिवशी ती पोचली, तेव्हा त्यानं पिशवी पायानं खाटेखाली सारली होती. की हे आत्ताच मन रचत होतं? ते तिला ठरवता येईना. पण त्या पिशवीत टेपरेकॉर्डर मावला असता, एवढं खरं.

रविवारी ती एसटीनं तांड्यावर गेली. प्रेम खोलीतच होता. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, कोपऱ्यात मोठा स्पीकर. दारात रुपीबाई, त्याची आई, शेंगा फोडत बसली होती.

बबितानं फोनवर गाणं लावून मधे ठेवलं आणि विचारलं, “कधी घेतलं हे?”

“असंच. मांगं.”

“दवाखान्यात?”

प्रेमनं मान खाली घातली. तिला वाटलं, झालं, कबूल.

तेवढ्यात दारातून रुपीबाई गाऊ लागली. फोनच्या सोबत, त्याच ओळी. हुंदकाही त्याच जागी, श्वासही तिथंच अडकवला. डोळे कोरडे, हात शेंगांवर चालूच. मग थांबून म्हणाली, “हे मराचं नाही व, बाई. ढावलो हाय. लग्नात नवरी रडते तो. असाच गातेत. तू शिकलीच नाही म्हना.”

बबितानं ढावलो शिकायला नकार दिला होता. लग्नही नोंदणी कचेरीत, दहा मिनिटांत केलेलं. परीक्षकाला कळलं नव्हतं, आणि तिलाही नाही.

“दिवाळीत आली होती सुखी,” रुपीबाई सांगू लागली. चांगली धडधाकट होती. चहा पिऊन या पोराला म्हणाली, लाव तुझी मशीन. पोरीनं ढावलो केला नाही, तर पोरीच्या जागी मीच बसते. “अन् म्हने, हे बबीले दे.”

बबितानं प्रेमकडे पाहिलं. “मग दिलं काहून नाही?”

“तू ऐकलं असतं तं गान्यात घालू दिलं नसतं.”

“आणि तो माणूस मरण म्हणतो, त्याला सांगितलं?”

प्रेम गोधडीचा टाका उसवू लागला. त्या परीक्षणामुळं बेंगळुरूहून कार्यक्रमाचं बोलावणं आलं होतं, असं त्यानं हळूच सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तारे गेले असते.

म्हणजे ती दवाखान्याबद्दल चुकली होती. त्याच्याबद्दल नाही.

तिनं त्याला तिथंच परीक्षकाला लिहायला लावलं. त्यानं ‘पारंपरिक लोकगीत’ एवढंच लिहिलं. ते तिनं पुसायला लावलं आणि स्वतः सांगितलं, लिही: सुखीबाई राठोड, गाताना जिवंत, धडधाकट, लेकीच्या लग्नाचा ढावलो, लेकीसाठी. मग फोन त्याच्या हातातून घेतला आणि संदेश स्वतः पाठवला.

“गानं काढून टाकू का?” प्रेमनं विचारलं.

“पूर्ण ऐकल्यावर सांगते. मूळ कॅसेट दे.”

त्यानं कपाटातून काढून दिली. दुसरी प्रत आहे का, म्हणून विचारल्यावर म्हणाला, “नाही ना, बाई. आईची शपथ.”

रुपीबाईनं मान वर केली नाही. शेंगेचं टरफल बाजूला टाकत ती म्हणाली, “कोपऱ्यातल्या त्या गान्याच्या मोठ्या डब्याच्या मांगं पाह्य, बबी.”