खिडकीबाहेरचं गाव

मंगलाबाईंना ते गाव पाठ झालं होतं. गोडादऱ्यातल्या, कापडकामगारांच्या वस्तीतल्या आपल्या खोलीत दुपारची भाकरी आटोपली की त्या लेकीला व्हिडिओ कॉल लावून फोन डब्याला टेकवून बसत, आणि तिच्या खिडकीबाहेरचं विलायतेतलं ते खेडं समोर उभं राही. खेडं कसलं हो, सहा घरं! दगडाची, बुटकी, छपरांवर शेवाळ. मधून एक अरुंद रस्ता, दोन्हीकडे माणसापेक्षा उंच झुडपांचं कुंपण. पलीकडे हिरवा माळ, मेंढ्या, आणि एक जुनं चर्च, त्याच्या अंगणातच थडगी. दुकान नाही, शाळा नाही, बस कधीतरी. माणूस दिसलाच तर शेजारची म्हातारी, हातात कात्री घेऊन गुलाब छाटणारी. खिडकीकडे बघून ती हात हलवी, हसे आणि पुन्हा छाटायला लागे.

"कितलं शांत शे व माय," लेक सोनाली म्हणे.

लोटू, सोनालीचा बाप, हे कापडाच्या सगळ्या कारखान्यात सांगत सुटला होता. लूमच्या खडखडाटात कान गेलेला माणूस तो, त्याला शांततेचं कोण कौतुक! आणि जावई गजेंद्र तर काय, लाखात एक. धुळ्याकडचा, इंजिनीयर, वाकून पाया पडणारा, तोंडात साखर. अशा मुलाला नाही म्हणायला कोण धजावणार होतं?

पण पोरगी नांदायला गेली की आईनं आधी तिचं स्वयंपाकघर बघायचं, ही रीत. डबे भरलेले आहेत का, तेलामिठाला हात सैल आहे का, एवढं दिसलं की आईचा जीव भांड्यात पडतो. सोनाली मात्र लग्नाला वर्ष होत आलं तरी खिडकीच दाखवत होती. चूल दाखव म्हटलं की पसारा आहे म्हणे, उजेड नाही म्हणे, आणि फोन पुन्हा मेंढ्यांकडे वळवी. तिच्या गालांची हाडं वर आलेली मंगलाबाईंना दिसत होती. लोटूला सांगितलं तर तो खेकसला, "तुले चांगलं दिखसच नही!"

त्या दुपारी विलायतेत धुकं होतं. थडगी दिसत नव्हती, मेंढ्या नुसत्या ओरडत होत्या. मंगलाबाईंनी हट्टच धरला.

"आज चुल्हा दखाड. नही तर मी फोन बंद करस."

फोन वळला. स्वयंपाकघर लखलखीत होतं, ओट्यावर एक कण नाही, आणि प्रत्येक कपाटाला बारकंसं कुलूप. फ्रिजलासुद्धा.

"चाव्या त्याकडे शेतस," सोनाली म्हणाली. "दोन पाव काढी ठेवस. संध्याकायले येस तवय उघाडस." तिनं बाही वर केली. मनगटावर बोटांचे काळेनिळे वळ होते.

मंगलाबाई रडल्या नाहीत. रडायला पुढे जन्म पडला होता.

"त्या म्हातारीकडे जाय. आतेच!"

"दारना घंटीमा कॅमेरा शे. मी भाईर निंघनी का त्याले फोनवर दिखस."

"दिखू दे. मी शे ना संगे."

फोन हलायला लागला. आजवर काचेआडून पाहिलेला रस्ता आता अंगावर येत होता, काळी ओली झुडपं, धुकं, सोनालीचा श्वास. समोरच्या घरातला पडदा जरा सरकला आणि परत जागेवर गेला. कोणी बाहेर आलं नाही.

म्हातारीनं दार उघडलं, पोरीला आत घेतलं, खुर्चीत बसवून चहा ठेवला. देव पावला, असं मंगलाबाईंना वाटलं. सोनाली इंग्रजीत रडत रडत बोलली, मनगट दाखवलं. म्हातारी मान हलवत होती, हळू आवाजात काही सांगत होती.

"काय म्हनस ती?"

"तिले पहिलेपासून ऐकू येस म्हनस, माय." सोनाली म्हणाली. "मन्हं रडनं, बठ्ठं. आठला गावमा सगळासले माहीत शे. पन दुसराना घरमा बोलनं बरं दिखत नही, म्हनस."

अगं सटवे! मंगलाबाईंच्या अंगाची लाही झाली. वर्षभर हात हलवून हसत होतीस!

"पोलिसले फोन कर म्हना तिले. दार लाव म्हना!"

सोनालीनं सांगितलं. म्हातारीनं तिच्या खांद्यावर थोपटलं आणि चहाचा कप पुढे सरकवला. आधी चहा घे, मग बघू. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. दारावर हलकेच टकटक झाली, आणि आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण आवाज मंगलाबाईंनी ओळखला. मुलगी बघायला आला तेव्हाचा तो साखरेचा आवाज. त्रास देतो, माफ करा, बायको इथं आली आहे का, असंच काही असणार.

"नको!" सोनाली ओरडली.

म्हातारी अवघडून हसली. दारात उभ्या माणसाला ताटकळत ठेवणं तिला जमण्यासारखं नव्हतं. ती उठली.

मंगलाबाईंनी अशी बोंब ठोकली की सगळी गल्ली हादरली. भाकरी तव्यावर टाकून सखुबाई धावली, पिठाच्या हातानं उषाबाई धावली, लूमवरचे दोघे गडी काठी घेऊन आले. "काय झायं व? कोन शे? कुठे शे?" खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

फोनमध्ये कडी सरकल्याचा आवाज आला. म्हातारीनं दार उघडून धरलं होतं.