तळव्यावरचं दूध

अंथुर्ण्याच्या वस्तीवर शकुबाईच्या जिभेला मोठा मान होता. वीस वर्षं ती तिथलं दूध संकलन केंद्र चालवत होती. दुधातलं फॅट नि दाटपणा सांगायला यंत्र होतं, पण यंत्रालाही गंडवणारी माणसं निघतात. पाणी ओतून वर जरा साखर टाकली की यंत्र बिचारं गप्प बसतं. शकुबाईची जीभ गप्प बसत नसे. प्रत्येकाच्या कॅनमधलं थोडं दूध ती उजव्या तळव्यावर घ्यायची, चाटायची, आणि तिची मान हलली की मगच कॅन काट्यावर जायचा. गेणबाचं दूध ती दोनदा चाखायची. का, ते सगळ्या रांगेला माहीत होतं आणि गेणबालाही माहीत होतं.

अशा बाईला स्वतःच्या वजनाचा छडा लागत नव्हता, आणि ते तिला भारी झोंबत होतं.

वजन उतरवायचं खूळ तिला उगीच लागलं नव्हतं. तिच्या एकुलत्या एक पोराच्या, राजवर्धनच्या, दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा बारामतीला डायलिसिस. आईची किडनी त्याला जुळली, बाकीच्या तपासण्याही चांगल्या निघाल्या, पण पुण्याच्या डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं आणि मान हलवली. ब्याऐंशी किलो. एवढ्या वजनावर ऑपरेशन करणं तिच्याच जिवाला बरं नाही, पंचाहत्तरच्या आत उतरा आणि तीन महिन्यांनी या, असं त्यांनी सांगितलं. परतीच्या एसटीत शकुबाई हिशेब करत राहिली. सात किलो म्हणजे चांगलं वाढलेलं करडू. ते आपण अंगावर कुठं वागवतोय, याचाच ती विचार करत होती.

बारामतीच्या दवाखान्यात इरा नावाची तरुण आहारतज्ज्ञ होती. ती भात बंद करील, तेल बंद करील, लिंबूपाण्यावर ठेवील अशी शकुबाईची अटकळ होती. इराने तसलं काही केलं नाही. दिवसाला तीनऐवजी एक भाकरी, ताटात निम्मी पालेभाजी नि काकडी, रोज मटकीची उसळ किंवा डाळ, चहा बिनसाखरेचा, चाळीस मिनिटं झपाझप चालणं, आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा-दहा वेळा उठबस, एवढंच तिने सांगितलं. उपाशी राहायचं नाही, आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी खूप झालं. शेवटी तिने एक वही हातात दिली.

"काकू, तोंडात जाईल ते सगळं यात लिहायचं. शेंगदाणा असला तरी लिहायचा."

शकुबाईला हे काम फार आवडलं. तपासणं, लिहिणं, ताडून बघणं हा तिचा पिंडच होता. पहाटे पहिला कॅन यायच्या आधी ती दुधाच्या काट्यावर स्वतः उभी राहायची आणि आकडा टिपून ठेवायची. तीन आठवड्यांत काटा ऐंशीवर आला. घरात शिरा करावा अशी खुशी झाली, पण केला नाही.

मग काटा जो अडला तो अडलाच. एक आठवडा ऐंशी, दुसरा ऐंशी, तिसराही ऐंशी. इराने वही पानोपान वाचली आणि म्हणाली, सुरुवातीला अंगातलं पाणी उतरतं, म्हणून आकडा भरभर पळतो. पण पुढेही हळूहळू उतरायला हवं होतं, काहीतरी सुटतंय.

शकुबाईच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आधी तिने काट्यावर संशय घेतला. वीस किलोचं वजनमाप ठेवून पाहिलं, काटा चोख होता. मग भाकरीवर. पिठाचे गोळे तोलले, तेही एकसारखे. मग कालव्याच्या कडेचा रस्ता जोतीरामला मोटरसायकलने मोजायला लावला, भरला तीन किलोमीटर. शेवटी खुद्द जोतीरामवर, म्हणजे नवऱ्यावरच, तो आपल्या उसळीत गुपचूप तूप सोडतो की काय असा वहीम घेतला. जोतीराम म्हणाला, तीस वर्षांत तिने त्याला चुलीजवळ फिरकू दिलेलं नाही, तूप कुठं असतं तेसुद्धा त्याला ठाऊक नाही. हे खरं होतं.

हसण्यावारी न्यावं असं मात्र ते नव्हतं. राजवर्धनचे पाय सुजत होते, आणि तो आईच्या वहीकडे बघायचं टाळत होता. आपल्यासाठी आई अर्धपोटी राहते हे त्याला खात होतं. शकुबाईला भीती एकाच गोष्टीची होती: तीन महिने सरतील आणि काटा ऐंशीवरच असेल.

तेवढ्यात राजवर्धनच्या तपासण्यांसाठी पुण्याला चार दिवस राहावं लागलं. तिथं सगळाच घोळ झाला. उपाहारगृहातले पोहे, इडल्या, एकदा तर मिसळसुद्धा. चालणं म्हणजे वॉर्डापासून जिन्यापर्यंत. शकुबाईने सगळं वहीत प्रामाणिकपणे लिहिलं आणि घरी आली. पहाटे काट्यावर उभी राहिली, तर एकोणऐंशी पूर्णांक एक. ती उतरली, पुन्हा चढली. तेवढंच.

खाणं जास्त, चालणं कमी, आणि वजन उतरलं. पुण्यात असं काय नव्हतं जे इथं आहे? ती काट्याशेजारी उभी राहून घरातल्या एकेका वस्तूचं नाव घेत होती, तेवढ्यात प्रयागबाईने आपला कॅन पुढं ठेवला. प्रयागबाई म्हणजे एका म्हशीची मालकीण, वस्तीवरची सगळ्यांत म्हातारी. शकुबाईचा हात सवयीने कॅनकडे गेला, तळव्यावर दूध आलं, तळवा तोंडाशी आला, आणि तिथंच थांबला.

त्या सकाळी तिने दूध चाटलं नाही. प्रत्येक कॅनमधलं, नेहमी घ्यायची तेवढंच, तळव्यावर घेतलं आणि मांडीआड ठेवलेल्या तांब्यात ओतत गेली. त्रेचाळीस माणसं. शेवटी तांब्या तोलला, तर आतलं दूध पावणेचारशे ग्रॅम. संध्याकाळी परत तेवढंच. दिवसाला पाऊण लिटर दूध, तेही साय न काढलेलं, वीस वर्षं ती पीत आली होती आणि तिला वाटत होतं आपण काम करतोय.

फोनवर इराने हिशेब मांडला. मग म्हणाली, हे जवळपास तीन भाकऱ्यांएवढं होतं. शकुबाईने दोन भाकऱ्या सोडल्या होत्या, आणि तीन भाकऱ्यांएवढं तळव्यावरून पोटात जात होतं.

चोर सापडला, पण त्याला हाकलायचं कसं? बोटाने एकच थेंब जिभेवर ठेवून पाहिला, थेंबात काही कळेना. जोतीरामला बसवावं, तर त्याची जीभ तंबाखूने मेलेली. मग तिने चाखून मागच्या मोरीत थुंकायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी प्रयागबाईने ते पाहिलं. ती भांडली नाही. कॅनचं झाकण लावत एवढंच म्हणाली, "माझं दूध थुकलंस व्हय, शकू?" शकुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दूध थुंकणं म्हणजे त्या म्हशीचा, त्या घराचा अपमान. इतक्या वर्षांत कुणी कॅन परत नेला असेल, पण कुणाचं दूध तिने थुंकलं नव्हतं.

चाखणं सोडावं, तर केंद्राचं नाव जाणार. एकाने पाणी घातलं की सगळ्यांच्या दुधाला बोल लागणार. त्यात पोराच्या दुखण्याची वस्तीला कुणकुण असली, तरी किडनीचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लोक हळहळतात आणि हळहळ तिला सोसत नाही. रात्रभर विचार करून तिने ठरवलं. सकाळी रांग लागली तशी ती उठून उभी राहिली.

"माझी एक किडनी पोराला द्यायची हाय. त्यासाठी वजन उतरलं पायजे, आन ते तुमच्या दुधानं उतरंना. आजपासनं मी चाखणार न्हाय. ज्यानं त्यानं आपलं दूध माझ्यासमोर आपणच चाखायचं आन हाय ते सांगायचं."

प्रयागबाईने पुढं होऊन आपल्या सुरकुतल्या तळव्यावर दूध घेतलं आणि चाटलं. "चोख हाय," म्हणाली. मागोमाग एकेक जण चाखत गेला. गेणबाची पाळी आली. त्याने दूध तळव्यावर घेतलं, हात तोंडापर्यंत नेला आणि शकुबाईकडे बघितलं. मग तळवा कॅनवर पुसला, झाकण लावलं आणि म्हणाला, "आज ऱ्हाऊ द्या, अक्का." कॅन उचलून तो आल्या वाटेने घरी गेला. कुणी हसलं नाही, हे वस्तीला शोभून दिसलं.

दुसऱ्या दिवशी गेणबा रांगेत सगळ्यांत पुढं होता. चाखून म्हणाला, "चोख." यंत्राने आणि वरच्या डेअरीनेही तेच सांगितलं. पुढं रोज सांगितलं.

काटा हलला. कधी किलोभर, कधी अर्धा, एका आठवड्याला काहीच नाही. प्रयागबाई कालव्यापर्यंत तिच्याबरोबर चालायला येऊ लागली आणि शकुबाईपेक्षा झपाझप चालून तिला लाजवू लागली. राजवर्धन आता वही स्वतः मागून घेऊन वाचायचा, आणि मुळ्याची भाजी फार वेळा आली की आईला चिडवायचा. पुण्याला जायच्या आदल्या पहाटे काट्याने चौऱ्याहत्तर पूर्णांक आठ दाखवलं. त्या दिवशी रांग उजाडायच्या आधीच लागली होती, आणि सगळ्यांच्या माना काट्याकडे होत्या. आकडा दिसला तशी शकुबाई काट्यावरच रडली, आणि त्याची तिला मुळीच लाज वाटली नाही.

दूध घालून माणसं पांगली. गेणबा मात्र तिथंच घुटमळत होता. त्याने आज कॅन काट्यावर ठेवलाच नव्हता.

"अक्का, सात हप्तं झालं, माझं दूध माझ्याबिगर कुणी चाखलं न्हाय. जायच्या आदी एकदा तरी चाखा."

शकुबाईने त्याच्याकडे पाहिलं. कॅनमधलं दूध उजव्या तळव्यावर घेतलं आणि सावकाश चाटलं. जीभ अजून शाबूत होती. म्हशीला हिरवा मका पडलाय, हेसुद्धा तिला कळलं.

"चोख हाय, गेणबा," ती म्हणाली. एकदाच चाखलं, दुसऱ्यांदा हात पुढं केला नाही.

गेणबाने नुसती मान हलवली आणि कॅन काट्यावर ठेवला. तो गेल्यावर शकुबाईने तळवा पदराला पुसला, वही उघडली आणि त्या दिवसाच्या पानावर सगळ्यांत वर लिहिलं: गेणबाचं दूध, एक तळवा.