चेअरमनसाहेबांचे हात

फोटोवरून चित्र काढत नाही, हे सुनयनानं पहिल्याच भेटीत सांगितलं, तेव्हा चेअरमन जोतिबाअण्णांना भारी आनंद झाला. बेळगावातल्या त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या आवारात त्यांचे सतरा फ्लेक्स लागले होते. अण्णा सत्तरीचे, फ्लेक्सवरचे सगळे अण्णा पस्तिशीचे.

"फोटो काय, कुणाचाबी निघतोय," अण्णा म्हणाले. "आमचं जुन्या राजेलोकांवानी पायजे. तेलरंगात, समोर बसून."

"चाळीस तास बसावं लागेल."

"बसू की! खुर्चीत बसायची आमाला वीस वर्षांची सवय हाय."

पहिल्या दिवशी ते एकोणीस मिनिटं बसले. त्यातली अकरा फोनवर गेली.

सुनयना निपाणीची. आजी लक्ष्मीबाई तंबाखूच्या वखारीत कामाला, आणि शाळा सुटली की नात भावकू पेंटरच्या दुकानात. भावकू टेम्पोच्या पाठीवर वाघ काढायचा आणि दुकानांच्या पाट्या कन्नड-मराठी दोन्हींत रंगवायचा. "डोळं बारीक करून बघ गं," तो सांगायचा. "फालतू सगळं गळून पडतंय. उजेड आन सावली तेवढी उरतीया." पुढं मुंबईच्या कलाशाळेत ती सहा महिने प्लास्टरचा एकच कान काढत बसली, तेव्हा प्राध्यापकांनी हेच इंग्रजीत सांगितलं आणि तिला कळलं की याला शास्त्र म्हणतात. आता समीक्षक तिच्यावर कुणाकुणाचा प्रभाव आहे ते विचारायला येत. ती भावकूचं नाव सांगे. ते मान डोलावत, लिहून घेत, आणि छापताना तिथं युरोपातलं एखादं शहर घालत.

बेळगावच्या अनगोळ भागातल्या तिच्या खोलीला उत्तरेची मोठी खिडकी होती. तिथला उजेड दिवसभर फारसा हलत नाही, म्हणून ती खोली घेतलेली. आधी कोळशानं रेखाटन, मग तपकिरी रंगात नुसत्या सावल्या, त्या वाळल्या की रंगाचे पातळ थर. मध्येच ती पाठ फिरवून चित्र आरशात बघे. उलटं दिसलं की चूक लगेच नजरेत येते. अण्णांनी हे पाहून विचारलं होतं, "आरशात तुमी स्वतःला कशाला बघताय सारखं?"

कशीबशी सात बैठकांत चेहऱ्याची सोय झाली. आठव्या दिवशी अण्णा आलेच नाहीत. त्यांचा ड्रायव्हर रवळू दारात उभा होता, हातात इस्त्रीचा कोट.

"सायबांनी कोट धाडलाय, मॅडम. आन कोटात घालाय मला."

"म्हणजे?"

"तोंड झालंय न्हवं? उरल्यालं माझ्यावर भागवा म्हणाले."

रवळू खानापूरकडच्या खेड्यातला. पहाटे शेतात राबायचा आणि नऊला गाडी बाहेर काढायचा. कोट चढवून तो खुर्चीत बसला तो दगडासारखा. पंधरा दिवस हूं की चूं नाही. गुडघ्यावर ठेवलेले त्याचे हात सुनयना बघतच राहिली. जाड पेरं, चिरलेला अंगठा, मनगटाजवळ कोयत्याचा जुना वण. समोर जे आहे तेच काढायचं, हा तिचा नियम होता. समोर कोण असावं, हे चेअरमनसाहेबांनी ठरवलं होतं.

अनावरणाच्या दिवशी पडदा सरकला आणि अण्णांनी चित्र पहिल्यांदाच पूर्ण पाहिलं. नजर हातांवर आली, तोंड उघडलं. पण त्याआधीच प्रमुख पाहुणे माईकवर पोचले होते. "हे हात बघा! मातीतून वर आलेल्या माणसाचे हात!" हे त्यांनी एकदा कन्नडमधून सांगितलं, एकदा मराठीतून.

अण्णांनी तोंड मिटलं. मग उठून लहानपणी आपण ऊस कसा तोडला ते सविस्तर सांगितलं. त्यांच्या वडिलांची भातगिरणी होती, हे निम्म्या सभागृहाला ठाऊक होतं. त्या निम्म्यांनीच जास्त टाळ्या वाजवल्या. बोलताना अण्णांचे स्वतःचे हात मात्र खिशात होते.

आठवड्यानं सुनयना चित्रावर पडणारा दिवा सरकवून घ्यायला गेली. चित्रासमोर रवळू आणि त्याची बायको मालुबाई उभी.

"आगं बाई! ह्ये तर तुमचं हात!"

"हळू बोल गं."

"मग वर तोंड त्येंचं कशाला लावलंय?"

मालुबाईला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून ती विचारत होती. सुनयनाचे कान तापले. खरं तेच काढते म्हणून ती इतकी वर्षं मिरवत होती, आणि इथं तिनं एका माणसाचे हात दुसऱ्याला चिकटवून खाली सही केली होती.

"रवळूअण्णा," ती पुढं होऊन म्हणाली, "रविवारी या. तुमचं चित्र काढते. अख्खं."

रविवारपर्यंत ते चित्र तिच्या डोक्यात जवळजवळ पुरं झालं. रापलेला चेहरा, पांढरे होत आलेले केस, मळका सदरा. कष्टकऱ्याचं अस्सल सत्य.

रवळू आला तो नव्या सफारीत. केस काळेकुळकुळीत रंगवलेले, रंग कानाच्या पाळीवर ओघळून वाळलेला, आणि गळ्यापर्यंत पावडर. मागून मालुबाई, ठेवणीतल्या लुगड्यात.

"जरा गोरं करा, मॅडम," तो बसता बसता म्हणाला. "आन हात मागं घेतो. लई बेकार दिसत्यात."

सुनयना ब्रश धरून उभी राहिली. आठवडाभर जमवलेलं तिचं सत्य सफारी घालून आलं होतं, आणि त्याला अण्णांइतकंच सुंदर दिसायचं होतं. आधी तिला राग आला. मग हसू आलं, ते तिनं दाबलं नाही. मालुबाई पदरानं नवऱ्याचा कान पुसायला वाकली.

"राहू दे, आक्का. पुसू नका."

"ते बी काढनार व्हय?" रवळू दचकला.

"काढणार."

त्यानं गालावरून बोट फिरवून बघितलं. "मग पावडर बी दिसू द्या. नवा डबा फोडलाय."

"दिसेल की," सुनयना म्हणाली, आणि मालुबाईलाही त्याच्या शेजारी खुर्ची दिली.